मायमूच्या कपाटातली जोडी

सोमवार, ६ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बोटीवर वारा इतका की कॉफीचे कप टेबलावरून आपापले निघाले होते. समोर बसलेल्या दोन म्हाताऱ्या प्रत्येक हेलकाव्याला होऽऽ करून पोरींसारख्या हसत होत्या. ताल्लिनहून पुढे बस, आणि बसथांब्यापासून खाडीच्या कडेकडेने चालत इथे.

घर पिवळ्या लाकडाचं आहे, अंगणभर सफरचंदांचा सडा पडलाय. दवाखाना मागच्याच रस्त्यावर. ऑपरेशनला आलेल्या बायका आधी आणि नंतर या घरात उतरतात. सांभाळणारी बाई मायमू. पूर्वी त्याच दवाखान्यात नर्स होती, आता हे घर बघते. अंगाने रुंद, हात सतत ओले, पोरी पोरी करत बोलते. आमची फिनिश भाषा ती लहानपणी आमचा टीव्ही चोरून बघत शिकली म्हणे. मला एस्टोनियन येत नाही, आणि जेवढी कळते तेवढी फसवते. आमचा जो शब्द सरकारसाठी, तो यांच्याकडे बुरशीसाठी. मायमू म्हणाली, मग फरक काय पडला?

बंदरावर सोडायला मार्युत आली होती. थोरली बहीण असल्यामुळे शेवटचा शब्द तिचाच. म्हणाली, इल्मी, अडतिसाव्या वर्षी छातीवर दोन गाठोडी कशाला हवीत तुला? ओझं वाहायची एवढी हौस असेल तर माझी दोन पोरं घेऊन जा. आणि मग बोट सुटेपर्यंत हात हलवत उभी राहिली, नाक पुसत.

चार आठवडे सुट्टी काढली आहे. रक्त तपासायचं, माप ठरवायचं, मग पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी ऑपरेशन. खोली छान उजेडाची आहे. पाठीवर झोपायची सवय करायला आतापासूनच उशांचा उतार रचून ठेवलाय.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

डॉ. ओयासो माझ्यापेक्षा बुटकी आणि माझ्यापेक्षा कमी बोलणारी. आवडली. मी प्रश्नांचा ढीग नेला होता. दोन हिवाळे वाचत बसले होते ना! गोल आकार की थेंबासारखा, स्नायूच्या वर की खाली, टाका कुठे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तांदूळ भरून बघितले का? मला हसूच फुटलं. ती घरगुती युक्ती तिलाही माहीत होती. लांब मोज्यात तांदूळ भरायचे, गाठ मारायची, ब्रामध्ये ठेवून दिवसभर वावरायचं, म्हणजे किती झेपेल ते कळतं. मी प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. तांदूळ घालून कामाला गेले, कवळी घासायला वाकले आणि डावा मोजा फाटला. सगळ्या टेबलावर खिरीचे तांदूळ. शेजारच्याने विचारलं, हे काय? म्हटलं, डबा सांडला.

डॉक्टरने कारणही विचारलं. कुणासाठी? कुणासाठीच नाही. हे कुणाला पटत नाही, पण खरं तेच आहे. शाळेत सॉनामध्ये पोरी मला फळी म्हणायच्या, ते कधीच विसरले. नवरा होता तोही काही बोलला नाही कधी. पण आरशासमोर उभी राहिले की वाटतं, कारागीर काम अर्ध्यावर टाकून जेवायला गेला आणि परतलाच नाही. मला अर्धवट काम बघवत नाही, एवढंच.

एक गोष्ट तिने नीट समजावली. आत काहीही परकं ठेवलं की शरीर त्याच्याभोवती पातळ भिंत बांधतं. ती मऊ राहिली तर उत्तम. कधीकधी आवळत जाते, दगडासारखी होते, मग काढावं लागतं. म्हणून घाई नको, ब्रामध्ये ठेवायची सिलिकॉनची नमुन्याची जोडी काही दिवस घालून बघा म्हणाली. पण माझ्या मापाची जोडी दुसरी एक बाई घेऊन गेली होती. शुक्रवारी मिळेल.

हिरमुसून परत आले. चहाच्या वेळी मायमूला सांगितलं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, हात पुसले, आणि आपल्या खोलीच्या कपाटातून एक लोकरी गुंडाळी आणली. आत जोडी. जुनी आहे, कडेला किंचित पिवळट, पण स्वच्छ. हातात घेतली तर अशी बसली जशी माझ्याच तळव्याचं माप घेऊन केली असावी. घाल पोरी, म्हणाली, कपाटात पडून काय उपयोग.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज दिवसभर घातली! बटणाचा शर्ट, वर कोट, आणि खाडीवर लांबच लांब फेरी. कुणी बघत नव्हतं, बघायला बदकंच होती. तरी मी काचेच्या प्रत्येक खिडकीत डोकावले. खांदे आपोआप मागे जातात. स्वतःच्या सावलीकडे बघून मी लाजले, खरंच. मार्युतला काय सांगू हे? ती म्हणेल, सावलीसाठी भूल घेणार का?

वरच्या मजल्यावर गुनिला आहे, स्वीडनमधल्या एका बेटावर बस चालवते. तिचं ऑपरेशन होऊन गेलं. हात वर करता येत नाहीत म्हणून खालच्या फळीवरचाच खाऊ संपवते. आज दूध उतरवून द्यायला गेले तर म्हणाली, बये, तू तर ऑपरेशनआधीच माझ्यापेक्षा ऐटीत चालतेस. आणि हसू आलं म्हणून छाती धरून मला शिव्या दिल्या. टाके दुखतात, हसवू नकोस.

बेकरीत गेले होते. काळ्या पावाची एक लहान लादी मागणार, तेवढ्यात तिथल्या बाईने जिऱ्याचा मोठा पाव कागदात गुंडाळून पुढे केला, काही न विचारता. मला जिरं आवडत नाही. पण घेतला आणि आले.

शनिवार, ११ ऑक्टोबर

झोप नीट नाही. पाठीवर झोपायची सवय नाही, त्यामुळे असेल. माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद, वाइन बंद, सिगारेट तर वसंतापासून बंद, त्यामुळेही असेल. हात रिकामे राहत नाहीत. पडद्याची झालर सोडवत बसते.

काल क्लिनिकची जोडी मिळाली असती, पण गेलेच नाही. हीच बरी वाटते.

एक विचित्र. जोडी झोपण्याआधी काढते आणि खिडकीपाशी ठेवते, तिथे चांगलं गार असतं. सकाळी उचलली तर गरम. कोमट नाही, गरम, नुकतीच अंगावरून काढावी तशी. हीटर लांब आहे. हात लावून पाहिला, तोही थंड.

मायमूला सांगितलं. ती पॅनकेक उलटत होती. खूश झाली! गरम आहेत ना, छान, म्हणाली. आणि माझ्या ताटात जास्तीचा जॅम वाढला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आज जोडी घातलीच नाही. कपाटात बंद करून फिरायला गेले. पुलापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की खांदे ओढतायत, ब्राचे पट्टे रुततायत, पळताना आधार द्यावा तसा माझा हात छातीखाली गेलाय. वजन आहे. जोडी नाही, पण वजन आहे.

घरी येऊन शर्ट काढला. आरशात — फार नाही, पण आहे. त्वचा ताणलेली. सूज असेल. सुयांमुळे, रक्त काढलं म्हणून. पण रक्त हातातून काढलं होतं.

जोडी बाहेर काढली. डावी सुरकुतली आहे. कडा आत वळलेल्या, जसा कालचा फुगा. दाबली तर आत थोडंच काहीतरी सरकतं. कुठे फुटली आहे का ते नळाखाली धरून पाहिलं. कुठेही ओलसुद्धा नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

गुनिला गेली. मुलगा घ्यायला आला होता. जाताना मिठी मारायला गेली, दोघींच्या छात्या आपटल्या, तिने ओरडून शिवी घातली आणि मग थांबलीच. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तुझं ऑपरेशन तर सोमवारी आहे ना गं?

मी म्हटलं, नमुना घातलाय. घातला नव्हता.

मग तिने मला बाजूला घेतलं. मायमूने तिलाही तीच जोडी दिली होती म्हणे. एक दुपार घातली आणि परत केली. म्हणाली, कुणीतरी झोपून उठलेल्या अंथरुणात शिरल्यासारखं वाटत होतं, आणि ते माणूस अजून खोलीतच आहे असं. मायमू रडली होती तेव्हा. गुनिलाला वाटलं, म्हातारीला वाईट वाटलं असेल.

मुलगा गाडीतून हॉर्न वाजवत होता. ती गेली. घरात आता मी आणि मायमू.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दोन्ही रिकाम्या. नुसती कातडी उरली आहे, दुधावरच्या सायीसारखी. माझ्या हातात आली आणि चिकटली.

खाली जाऊन मायमूच्या टेबलावर टाकली. हे काय आहे विचारलं. कुणाचं आहे. मी ओरडत होते. ती सफरचंदं सोलत होती, तिने सुरी ठेवली आणि अगदी शांतपणे सांगितलं.

तिला मुलगी होती. लेइदा. याच दवाखान्यात तिचं हेच ऑपरेशन झालं होतं, मायमूच हजर होती, सगळं सुरळीत झालं. पुढे कितीतरी वर्षं ती आनंदात होती. मग एका मार्चमध्ये खाडीच्या बर्फावरून सायकल घेऊन गेली आणि बर्फ फुटला. दहनाआधी मायमूने स्वतः तिच्या छातीतले ते गोळे काढून घेतले. मी नर्स होते, मला येत होतं, म्हणाली. माझ्या पोरीच्या काळजाला इतकी वर्षं लागून होते ते, आगीत कसे जाऊ देऊ?

घरी आणले तेव्हा थंड होते. तेवढंच तिला सहन झालं नाही. म्हणून ती स्वतः घालून बसायची, पण तिच्या अंगावर ते गरम होत नव्हते. मग येणाऱ्या बायकांना द्यायला लागली. कुणाकडे दुपारभर, कुणाकडे दिवसभर. सगळ्या परत करायच्या.

तू नाही केलेस, म्हणाली. आणि माझ्या गालाला ओला हात लावला.

मी बॅग भरली. बसथांब्यावर गेले. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि काहीतरी बोलला, ओळखीच्या माणसाशी बोलतात तसं. मी पायरीवर पाय ठेवला आणि श्वास — आतून कुणीतरी मूठ वळली. दोन्हीकडे. पाय खाली घेतला तर मूठ सुटली. बस गेली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

डॉक्टरकडे गेले. सगळं सांगायचं होतं, पण एवढंच सांगितलं की छातीत काहीतरी आहे, बघा.

तिने थंड जेल लावलं, यंत्र फिरवलं.  पडदा माझ्याकडे वळवला. काळी गोल पोकळी, तिच्याभोवती पांढरी कड. तिने त्या कडेवर बोट ठेवलं. ही भिंत, म्हणाली. जाड आहे. दहा-बारा वर्षं जुनी असावी.

मग खुर्चीत मागे टेकून विचारलं, आधी ऑपरेशन झालंय हे लपवलंत का?

मी म्हटलं, नाही झालं. मागच्या मंगळवारी तुम्हीच मला तपासलंय ना! कुठे होतं तेव्हा? टाक्याचा वण दाखवा! तिने शोधला. दिवा जवळ आणला, घडीखाली, काखेत, सगळीकडे. वण नाही.  तिने आपली मागची टिपणं काढून वाचली, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

काढून टाका, म्हटलं. आत्ता. ती म्हणाली, सोमवारी तुमची वेळ आहेच, तेव्हा काढते. त्याआधी भूल देणारे नाहीत. तिने हो म्हटलं आणि आत ते आवळलं. तिने हो म्हटलं त्याच क्षणी.

शुक्रवार, १७

मऊ नाही राहिलं. वाट्या उपड्या ठेवाव्यात तसं कडक. श्वास वरवरचा येतो. जिना थांबून चढते.

बेकरीवाली बाई रस्त्यात भेटली. किती दिवसांनी, आईला बरं आहे का, असं काहीसं म्हणाली, आणि मी उत्तर दिलं. थंडीत गुडघे दुखतात तिचे, बाकी ठीक. लांबलचक, सहज. चार पावलं पुढे गेल्यावर कळलं की ती एस्टोनियन बोलत होती. मीसुद्धा.

जिऱ्याचा पाव संपला आहे. मी खाल्ला असणार.

शनिवार

मार्युतला फोन केला. बाथरूमचा नळ सोडून. म्हटलं, ये, मला घेऊन जा. ती आधी चेष्टेत म्हणाली, का गं, माप चुकलं? मी रडले. तशी तिने चेष्टा सोडली. म्हणाली, इल्मी, नीट बोल, तू अशी का बोलतेस, तुझी जीभ सुजली आहे का? काय कसं बोलते, विचारलं. म्हणाली, परकी बाई फिनिश बोलावी तशी.

येते आहे ती. पोरांना सासूकडे ठेवून. सोमवारच्या बोटीने.

नळ बंद केला. मायमू दारापलीकडे उभी होती. जेवायला चल, लेइदा, म्हणाली. मी म्हटलं, मी इल्मी. हो हो, म्हणाली. ताटं दोन मांडली होती. बक्कव्हीटची लापशी, वर लोणी. तिला वाईट वाटू नये म्हणून खाल्लं. का? मला का वाटावं, तिला वाईट वाटू नये?

रविवार

लिहिताना पेन डाव्या हातात. मी उजवी —

जंतुनाशक साबणाने अंघोळ केली, सांगितलं तशी. उद्या सुटका. उद्या काढतील. साबण लावताना डावीकडे ठोका. माझ्या ठोक्याच्या मधे मधे. शांत, हळू. त्याला घाई नाही.

मायमूचं दुःखही कळतं मला. तिच्या ओल्या हातांचा वास — मी लहान होते तेव्हा —

नाही. माझी आई राउमा गावची, तिचे हात कोरडे होते. कोरडे. हे लिहून ठेवते.

सोमवार, २० ऑक्टोबर

परत खोलीत. ऑपरेशन झालं नाही.

सगळं तयार होतं. गाऊन, टोपी. डॉक्टरने निळ्या पेनने रेघा मारल्या. मी डोळ्यांनी तिला सांगत होते, लवकर. तिने शेवटचं विचारलं, नक्की ना, काढायचंच ना?

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

तोंड म्हणालं, नको डॉक्टर, राहू द्या, मला सवय झाली आहे. तिच्या भाषेत. हसून. मी आतून किंचाळत होते आणि तोंड हसत होतं. डॉक्टरने मान हलवली. तिलाही सुटल्यासारखं झालं — मला दिसलं ते.

मायमू बाहेर कोट धरून उभी. बटणं तिनेच लावली. खालून वरपर्यंत.

रेघा अजून आहेत अंगावर. निळ्या. तेवढंच माझं —

दुपार

बोट आली असेल.

डावा हात लिहू देत नाही. उजव्याने. अक्षर वेडंवाकडं पण माझं.

मी इल्मी. कवळ्या करते. बहीण मा — मार्यु

आवळतं. नाव लिहिलं की आवळतं.

फाटक वाजलं. तीच. तिचा खोकला. ती खाली मायमूशी भांडते आहे, कुठे आहे माझी बहीण, वर जाऊ द्या मला. मायमू म्हणते, वर माझी मुलगी आहे, दुसरं कुणी नाही, बघून या हवं तर.

जिन्यावर पावलं —

इल्मी, म्हणून हाक — दारात — बघते आहे माझ्याकडे — ओळखलं नाही, नाही, ओळखलं, डोळे भरले तिचे, हात पुढे —

मी उठते आहे. मीच का? तोंड उघडतंय, आणि ते विचारतंय, कोण हवंय तुम्हाला — नाही मार्युत, ऐकू नकोस, तिचं ऐकू नकोस, मी इथे आहे, आत, डावी —